आवळलेली गळती

खाडीच्या मुखाशी वसलेल्या गावात एकदा एक वृद्ध मिस्त्री राहत असत. मचवे आणि लाँच यांची इंजिने दुरुस्त करण्यात त्यांची सारी हयात गेली होती. गाव त्यांना बाबा म्हणे. बाबा कमी बोलत. कुणी इंजिन बिघडल्याचे सांगत आला की ते हत्यारांना हात लावण्याआधी त्याला बराच वेळ बोलू देत. पुष्कळांना हा वेळकाढूपणा वाटे.

त्यांच्याकडे हरेश्वर नावाचा एक शिष्य होता. वय तिशीच्या पुढे. पूर्वी तो शहरातल्या एका कारखान्यात फिटर होता. तिथे दुसऱ्याच्या चुकीचा ठपका त्याच्यावर आला, तेव्हा हातातला पाना साहेबाच्या टेबलावर आपटून तो बाहेर पडला आणि गावी परतला. ठपका खोटा होता, त्यामुळे त्याचा राग खरा होता. परंतु तो राग त्या कारखान्यात राहिला नाही, त्याच्याबरोबर गावी आला. पुढे कुणी साधे ‘जरा लवकर कर’ म्हटले तरी त्याला साहेबाचाच आवाज ऐकू येई. हात मात्र कुशल होते, आणि बाबांनी ते ओळखले होते. ‘या तापट माणसाला कशाला ठेवता?’ असे गावाने विचारले तेव्हा ते फक्त म्हणाले होते, “काम येतंय त्याला. बाकीचं शिकेल.”

पलीकडच्या तीरावरच्या देवीची जत्रा होती. तिच्या आदल्या दिवशी दुपारी लाँचचा मालक जयवंतशेठ बाबांच्या शेडवर आला. अलीकडच्या गावांतली माणसे पलीकडे नेणारी ही एकच लाँच. तिच्या तळात पाणी साचत होते आणि मागच्या बाजूने ठोके पडल्यासारखा आवाज येत होता. बाबा त्या वेळी नात्यातल्या एका मृत्यूमुळे शेजारच्या गावी निघाले होते.

जाता जाता ते हरेश्वरला म्हणाले, “तू बघ. पण आधी ऐक, मग हात घाल.”

शेठ नीट काही सांगायला आला नव्हताच. त्याचा चेहरा लाल झाला होता. “हे बघ, उद्या सकाळी माणसं चढणार. मला कारणं सांगू नकोस. पाणी बंद पाहिजे, आवाज बंद पाहिजे.”

“शेठ, कधीपासून येतोय आवाज?”

“मी काय घड्याळ लावून बसतो? तू मिस्त्री आहेस की मी? जमत नसेल तर सांग, दुसरा आणतो.”

हरेश्वरच्या कानशिलांत रक्त उसळले. त्याने पुढे काही विचारले नाही. शेठला उत्तर द्यायचे तर ते कामानेच द्यायचे, असे ठरवून तो हत्यारे घेऊन लाँचमध्ये उतरला.

लाँचला पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा लोखंडी दांडा तिच्या तळातून बाहेर पाण्यात जातो. तिथून पाणी आत शिरू नये म्हणून दांड्याभोवती चरबी लावलेला दोर भरून त्यावर एक झाकण नटांनी आवळलेले असते. त्याला ग्लँड म्हणतात. हरेश्वरने बॅटरीचा झोत टाकला तर ग्लँडमधून पाणी वाहत होते. त्याने पाना लावला आणि आवळले. धार बारीक झाली. अजून आवळले. थेंब पडू लागले. शेठचे शब्द आठवून त्याने अंगातले सगळे बळ लावून आणखी एक आटा दिला, आणि थेंबही थांबले. मग तो आवाजाकडे वळला. गियर टाकला की इंजिन एका बाजूने उचलल्यासारखे हलत होते. त्याने जाड रबराचा तुकडा आणि लाकडाची पाचर घेतली आणि हातोड्याने इंजिनाच्या बुडाखाली ठोकून बसवली. ठोके बंद झाले.

दिवेलागणीला शेठने लाँच धक्क्याला बांधलेलीच ठेवून इंजिन चालू करून पाहिले. आवाज नाही. फळ्या उचलून पाहिल्या. तळ कोरडा. तो हसला आणि हरेश्वरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “म्हातारा असता तर नुसतं ऐकत बसला असता.”

हरेश्वरला ती थाप आवडली. कुणी त्याचे काम उघडपणे वाखाणल्याला बरीच वर्षे झाली होती.

सकाळी धक्का माणसांनी भरून गेला. नवसाच्या पाट्या, नारळ, कोंबड्या, कडेवरची पोरे. लाँच भरत आली होती, इंजिन चालू होते, आणि तेवढ्यात बाबा परगावाहून परतले. ते धक्क्यावर थांबले आणि इंजिनाचा आवाज ऐकू लागले. हरेश्वर मागच्या बाजूला अभिमानाने उभा होता.

“पाणी?” बाबांनी विचारले.

“बंद केलं. एक थेंब नाही.”

“एक थेंबही नाही?” बाबांच्या कपाळावर आठी आली. “काल गियर टाकून किती वेळ चालवलीत?”

“थोडा वेळ. धक्क्यालाच.”

“आता टाकायला सांग. बांधलेलीच ठेवा.”

शेठने कटकट करत सुकाणूवरच्या माणसाला खूण केली. पंख्याने पाणी घुसळले, बांधलेले दोर ताणले गेले. बाबा फळी बाजूला सारून इंजिनाच्या खणात उतरले. त्यांनी ग्लँडच्या पितळेवर तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग ते वर आले.

“शेठ, माणसं उतरवा.”

“का?”

“ही लाँच आज जाणार नाही.”

“काय बोलताय मिस्त्री? तुमच्याच माणसाने काम केलंय. पाणी नाही, आवाज नाही. पलीकडे पालखी निघायची वेळ झाली.”

“ग्लँड तापलाय. मधल्या धारेत दांडा त्यात जखडला तर इंजिन जागीच थांबेल. ओहोटीचं पाणी तुम्हाला बाहेर समुद्रात नेईल. ग्लँडमधल्या दोराची राख झाली तर पाणी आत येईल ते वेगळंच. उतरवा.”

“नाही उतरवत,” शेठ म्हणाला. त्याचा आवाज आता सगळ्या लाँचला ऐकू जात होता. “दरवर्षी काहीतरी खुसपट काढून लाँच अडवायची आणि आपलं महत्त्व वाढवायचं. सोडा रे दोर.”

दोन खलाशी धक्क्यावरच्या खुंटांकडे निघाले. हरेश्वर बाबांकडे पाहत राहिला. त्याच्या कामात, त्याच्या पहिल्या स्वतंत्र कामात, भर गर्दीत खोट काढली जात होती.

आणि तेव्हा वृद्ध मिस्त्रींनी जे केले त्याचा अर्थ त्या क्षणी कुणालाच लागला नाही. हरेश्वरच्या हातातून त्यांनी पाना ओढून घेतला, पुन्हा खणात उतरले, इंजिन बंद केले आणि पाचरीवर हातोडा घालून ती उडवून दिली. मग ग्लँडचे नट उलटे फिरवायला सुरुवात केली. एक आटा, दुसरा, मग आणखी. दांड्याभोवतीचे झाकण मागे सरकले आणि खाडीचे पाणी जाड धारेने आत शिरू लागले.

पहिल्यांदा एका बाईच्या पायाला पाणी लागले. तिने खाली पाहिले. फळ्यांच्या फटींतून काळे पाणी वर येत होते. “पाणी आलं,” ती म्हणाली, आणि क्षणात सारी लाँच उठली. धक्का हाताच्या अंतरावर होता. माणसे पोरांना वर देत, पाट्या फेकत, एकमेकांना ढकलत बाहेर पडली. कुणी बुडाले नाही, कुणाला इजा झाली नाही. पण त्या धक्क्यावर जो संताप उसळला तो कुणाच्याही स्मरणात राहावा असा होता.

“म्हाताऱ्याला वेड लागलंय,” एकजण ओरडला.

ज्या बाईच्या पायाला पाणी लागले होते तिची लुगड्याची घडी आणि ओटीचे तांदूळ भिजले होते. तिची मुलगी आजारातून उठली म्हणून ती नवस फेडायला निघाली होती. खणातून बाहेर आलेल्या बाबांसमोर ती उभी राहिली. “माझ्या लेकीचा नवस होता. तुमचं काय वाईट केलं होतं आम्ही?”

बाबांनी हात जोडले. “काही नाही, बाई. रागवा. पण आज या लाँचमध्ये बसू नका.”

शेठ तर त्यांच्या अंगावरच धावून आला. खलाशांनी त्याला धरले. “पोलिसांत देईन तुला,” तो म्हणत होता, “या धक्क्यावर पुन्हा पाय ठेवू देणार नाही.” बाबांनी खाली उतरून नट पुन्हा आवळले, इतपतच की धार मोडून थेंब पडत राहावेत. खलाशांना त्यांनी पंप लावायला सांगितले, आणि शिव्या देतच त्यांनी तो लावला.

तळ उपसून होईतो गर्दी पांगली. काही माणसे मच्छीमारांच्या होड्या मिळतात का हे पाहायला गेली, काही घरी परतली. शेठ बंदराच्या कचेरीकडे तक्रार द्यायला गेला. लाँचमध्ये गुरू आणि शिष्य उरले.

 आता हरेश्वर बोलला, आणि त्याचा आवाज चिरकला.

“माझ्या कामावर थुंकलात तुम्ही. साऱ्या गावासमोर. मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तुम्ही आणि तो शहरातला साहेब, सगळे सारखेच.”

“बाजूला घ्यायला वेळ नव्हता. दोर सोडत होते.”

“मी पाणी बंद केलं होतं.”

“केलं होतंस,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द तोडून येत होता. बाबांना असा राग आलेला हरेश्वरने पूर्वी कधी पाहिला नव्हता. “आता मी विचारतो ते सांग. इंजिन नुसतं चालू असताना ठोके पडत होते, की गियर टाकल्यावर?”

“गियर टाकल्यावर.”

“म्हणजे दुखणं इंजिनाच्या पोटात आहे की मागे दांड्याकडे?”

हरेश्वर थांबला. “मागे.”

“पाणी लाँच उभी असताना जास्त येत होतं, की चालताना?”

“ते… पाहिलं नाही.”

“चाखलंस? खारं, म्हणजे खाडीचं होतं, की गोडं, इंजिनाचं?”

“नाही.”

“इंजिन एका बाजूने उचलत होतं म्हणून तू पाचर ठोकलीस. का उचलत होतं?”

बाबांनी बॅटरी त्याच्या हातात दिली आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे तेलाची आणि काजळीची जाड साय जमली होती. हरेश्वर पोटावर आडवा झाला. त्याने चिंधीने ती साय पुसली आणि इंजिनाला लाकडी बैठकीशी जखडणाऱ्या बोल्टाचे डोके धरून हलवून पाहिले. डोके त्याच्या हातात आले. बोल्ट आतच तुटला होता. शेजारचा बोल्ट होता, पण त्याच्याखालचे लाकूड उभे चिरले होते. पाचर त्याने या चिरेपासून वीतभर अंतरावर ठोकली होती.

आता सारे त्याच्या डोळ्यांपुढे ओळीने आले. इंजिन एका कोपऱ्यातून सुटले होते, म्हणून गियर टाकताच ते तिरके होई. ते तिरके झाले की दांडा वाकडा फिरे आणि ठोके देई. वाकडा फिरणारा दांडा ग्लँडमधला दोर खाई आणि पाणी आत येई. आणि त्याने काय केले होते? त्या वाकड्या दांड्याचा गळा आवळला होता.

तो उठून बसला. चेहरा तेलाने माखला होता. “माणसं गेली असती,” तो म्हणाला.

“गेली असती कदाचित. कदाचित पलीकडे पोचलीही असती आणि शेठने उद्या तुला पेढे दिले असते. मला त्याची जास्त भीती वाटते.”

बाबा त्याच्यासमोर फळीवर बसले. त्यांनी पाना बाजूला ठेवला आणि मग ते बोलले, ते त्यांच्या मानाने पुष्कळच होते.

“हरेश्वर, चालत्या ग्लँडमधून थोडे थेंब पडायलाच हवेत. त्या थेंबांनीच तो थंड राहतो. तुला हे ठाऊक आहे, मीच शिकवलंय. काल तुला ते आठवलं नाही, कारण काल तू लाँच दुरुस्त करत नव्हतास. तू शेठला उत्तर देत होतास. तुझा राग त्याच्यावर होता आणि आवळला गेला ग्लँड. या गळतीतून आणि या आवाजातून लाँच एकच गोष्ट सांगत होती, की माझी बैठक सुटली आहे. तू तिला बोलू दिलं नाहीस. शेठनेही तेच सांगितलं होतं, कारण नको, आवाज बंद कर. त्याचा मला राग आहे. पण त्याला यातलं कळत नाही. तुला कळतं, म्हणून तुझा जास्त राग आहे.”

“मग माणसांनी रागवायचंच नाही का?” हरेश्वरने विचारले. प्रश्नात अजून धग होती.

“मी रागावलो नव्हतो का आज? राग आला म्हणूनच नट सोडायची हिंमत झाली. राग येऊ दे. कुठेतरी काहीतरी चुकलंय एवढं तो नक्की सांगतो. पण कुठे, ते त्याला सांगता येत नाही. ते शोधायला खाली उतरावं लागतं, हात काळे करावे लागतात, विचारावं लागतं. काल त्या शहरातल्या साहेबाचा ठोका तुझ्या डोक्यात वाजत होता, आणि पाना होता या लाँचवर.”

हरेश्वरने मान खाली घातली. त्याला रडू येत नव्हते, पण कित्येक वर्षे आवळून ठेवलेले काहीतरी सैल पडल्यासारखे वाटत होते, आणि ते सुखाचे नव्हते.

भरतीला त्यांनी खलाशांच्या मदतीने लाँच ओढून किनाऱ्याच्या उतारावर आणली. ओहोटी लागली तशी ती वाळूवर टेकली आणि तिचा तळ उघडा पडला. बैठकीचे चिरलेले लाकूड काढायला हरेश्वर आत शिरला. बाबा बाहेर नवा सागवानी तुकडा तासत बसले.

उन्हे कलली तेव्हा शेठ आला. बंदराच्या कचेरीत त्याची तक्रार घेण्याऐवजी लाँचची तपासणी होईल असे त्याला सांगण्यात आले होते, आणि त्यामुळे तो सकाळपेक्षाही भडकलेला होता. त्याने बाबांना बोल लावले, मग तुटका बोल्ट हातात घेऊन उभ्या असलेल्या हरेश्वरकडे वळला.

“आणि तू. काल म्हणालास झालं काम. फसवलंस मला. माझी लाँच फोडलीत तुम्ही दोघांनी मिळून. हा बोल्ट तूच तोडला असशील पाचर ठोकताना.”

पुन्हा एक खोटा ठपका. हरेश्वरची कानशिले तापली, बोटे बोल्टाभोवती घट्ट झाली. बाबांचा तासण्याचा आवाज थांबला. त्यांनी वर पाहिले नाही.

हरेश्वर शेठच्या चेहऱ्याकडे पाहू लागला, पहिल्यांदाच नीट. शेठ ओरडत होता, पण त्याची नजर बोल्टावर नव्हती. ती सारखी लाँचच्या तळाकडे जात होती, उजव्या बाजूच्या एका जागेकडे, आणि तिथून लगेच दुसरीकडे वळत होती.

“शेठ,” हरेश्वर सावकाश म्हणाला, “काल माझं चुकलं. काम झालं नव्हतं आणि मी झालं म्हणालो. ते माझ्यावर. पण हा तुकडा बघा, तुटल्या जागी गंज चढलाय. हा काल तुटलेला नाही. ही लाँच कुठे आदळली होती का?”

“नाही,” शेठ म्हणाला. लगेच म्हणाला.

शेठ आणखी थोडा ओरडला. कचेरीतल्या लोकांना नावे ठेवली, खलाशांना ठेवली, बाबांच्या वयाला ठेवली. हरेश्वर ऐकत राहिला. ऐकणारा अडवत नाही म्हटल्यावर शेठचे शब्द हळूहळू सुटे पडू लागले. शेवटी तो गप्प झाला आणि वाळूवर पालथ्या पडलेल्या एका पाटीवर जाऊन बसला.

“पुळणीच्या वाळूवर चढली होती,” तो म्हणाला. “पौर्णिमेच्या ओहोटीला. मीच होतो सुकाणूवर. रिकामीच होती, माणसं नव्हती. खलाशांना म्हटलं, कुठे बोलू नका. तपासणी लागली असती, जत्रा गेली असती. तेव्हापासून तो आवाज येतोय. रोज ऐकत होतो मी. झोप लागत नव्हती त्या आवाजाने.”

त्याने हातांनी तोंड पुसले. सकाळचा लाल रंग उतरला होता आणि खाली थकलेला, घाबरलेला माणूस होता.

“कुठल्या बाजूने चढली?” हरेश्वरने विचारले.

“उजवीकडून. पंख्याला धक्का बसला होता.”

“मग पंखाही काढून बघायला हवा. दांडा सरळ आहे का तेही. दाखवा मला, कुठे लागलं ते.”

शेठ उठला. दोघे लाँचच्या उजव्या अंगाला गेले आणि वाकून तळ पाहू लागले. त्यांचे बोलणे आता खालच्या आवाजात चालले होते. वृद्ध मिस्त्रींनी थोडा वेळ ते ऐकले, आणि मग तासणी उचलून ते पुन्हा आपल्या लाकडाकडे वळले.

आपल्या घरात किंवा कचेरीत कुणाचा आवाज चढला, की तो बंद करण्याची घाई आपल्यालाही होते. त्या घाईत ‘हे कधीपासून?’ एवढे विचारायचे मात्र राहून जाते.